खाली दुकानं, वर घरं, मग विमा कुणाचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कर्वे रस्त्यालगतच्या एका इमारतीच्या सेक्रेटरी लिहितात. तळमजल्यावर सात गाळे, त्यांतल्या दोन गाळ्यांत मिळून एक हॉटेल. पहिल्या मजल्यावर दोन दवाखाने, एक क्लास आणि एका सीएंचं ऑफिस. त्यावर चार मजल्यांत सोळा फ्लॅट. पावसाळ्याच्या तोंडावर मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झालं, पॅनेल जळालं, जिन्यात धूर भरला. इजा कुणाला झाली नाही. पण दुरुस्तीचा खर्च कुणी द्यायचा यावरून वाद झाला आणि तेव्हा लक्षात आलं, की इमारतीचा विमाच नाही. कोटेशन आणलं, तर दुकानदार म्हणतात, "लिफ्ट आम्ही वापरत नाही, गच्चीवर कधी गेलो नाही, आम्ही का भरायचं?" फ्लॅटवाले म्हणतात, "धोका हॉटेलचा, हप्ता दुकानदारांनीच भरावा." काहींनी स्वतःच्या फ्लॅटचा विमा काढलेला आहे, ते म्हणतात आम्हाला यात धरूच नका. डीड ऑफ डिक्लरेशनमधल्या, म्हणजे इमारतीच्या मूळ दस्तात प्रत्येकाचा जो वाटा लिहिलाय त्या टक्क्यांप्रमाणे वाटणी करायची म्हटलं तर तीही कुणाला पटत नाही. हॉटेल चालवणारे काका भाडेकरू, गाळ्यांचे मालक दुसरेच. सेक्रेटरींच्या मनात असं आहे, की सोसायटीत वाद नकोत, फक्त वरच्या राहत्या मजल्यांचा विमा काढावा आणि दुकानदारांनी आपलं आपण बघावं. "हे चालेल का? आणि काकांशी संबंध न बिघडता हे कसं करू? लॉकडाऊनमध्ये इमारतीतल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना त्यांनीच डबे पोचवले होते."

ताई,

फक्त वरच्या मजल्यांचा विमा काढायचा विचार सोडून द्या, हे मी सुरुवातीलाच सांगते. तशी पॉलिसी कुणी देणारच नाही असं नाही. पण तुमचे सोळा फ्लॅट ज्या खांबांवर उभे आहेत, ते खांब खाली दुकानांच्या मधूनच वर येतात. आग तळमजल्यावर लागली आणि खांबांचं, बीमचं काँक्रीट तडकलं, तर चौथ्या मजल्यावरच्या घराला धगसुद्धा न लागता ते घर राहण्याजोगं उरत नाही. मग विम्याच्या दाव्यासाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर येणार आणि विचारणार, नुकसान कशाचं झालं? खांबांचं. त्यांचा विमा होता का? नव्हता. त्या दिवशी वरचे आणि खालचे हा भेद कुणाच्याच कामाचा नसतो.

शिवाय प्रपोजल फॉर्ममध्ये कंपनी विचारतेच, की इमारतीत काय काय चालतं. खाली हॉटेल आहे, स्वयंपाकघर आहे, गॅस आहे, हे न लिहिता नुसतं 'निवासी इमारत' लिहून हप्ता कमी करून घेणारे लोक मी पाहिलेत. विम्याचा करार पूर्ण खरेपणाच्या अटीवर होतो. जोखमीशी संबंधित महत्त्वाची गोष्ट लपवली गेली असेल, तर कंपनीला दावा नाकारता येतो. वर्षानुवर्षं भरलेले हप्ते त्या एका ओळीमुळे वाया जातात. एखादा एजंट "हॉटेलचं लिहू नका, हप्ता वाढेल" असं म्हणाला, तर दुसरा एजंट शोधा.

आता एक गोष्ट विचारते. तुम्ही पत्रात सगळीकडे 'सोसायटी' असं लिहिलंय, पण मध्येच 'डीड ऑफ डिक्लरेशनमधले टक्के' असाही उल्लेख आहे. डिक्लरेशन आणि टक्के आहेत, म्हणजे तुमची बहुधा सहकारी सोसायटी नाही. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खालची ती अपार्टमेंट असोसिएशन आहे. पुण्यात अशा इमारती खूप आहेत आणि बोलताना आपण सगळेच सरसकट सोसायटी म्हणतो. बोलण्यात त्यानं काही बिघडत नाही, पण विम्यात मोठा फरक पडतो. कपाटातून ते डीड काढा. त्याला जोडलेले उपविधी काढा. तुमच्या वादातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यात आधीच लिहिलेली असतील.

अपार्टमेंट कायद्यात विम्यासाठी स्वतंत्र कलम आहे. डिक्लरेशनमध्ये किंवा उपविधींत तशी अट असेल, बहुसंख्य मालकांनी मागणी केली, किंवा एखाद्या अपार्टमेंटवर पहिलं तारण असलेल्या कर्जदात्यानं विनंती केली, तर व्यवस्थापक मंडळानं संपूर्ण मालमत्तेचा आगीचा आणि इतर धोक्यांचा विमा उतरवायचा असतो. पॉलिसी मंडळाच्या नावानं निघते, पण ते सगळ्या मालकांचं विश्वस्त म्हणून, डिक्लरेशनमधल्या टक्क्यांप्रमाणे. हप्ता हा सामाईक खर्च धरला जातो. आणि प्रत्येकाला स्वतःच्या अपार्टमेंटचा वेगळा विमा काढण्याची मोकळीक राहते. म्हणजे एकमत होईपर्यंत थांबायची गरज नाही, बहुमत पुरेसं आहे. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त ओझं जाणवलं ते सर्वांना एकाच वेळी पटवण्याचं. ते ओझं कायद्यानं तुमच्यावर टाकलेलंच नाही.

दुकानदारांच्या मुद्द्याचं उत्तरही त्याच कायद्यात आहे. सामाईक जागा मी वापरत नाही, किंवा माझा वापराचा हक्क मी सोडला, असं म्हणून कुणालाही सामाईक खर्चातल्या वाट्यातून सुटता येत नाही. पण सभेत उभं राहून कलम वाचून दाखवणं ही पहिली पायरी ठरू नये. त्याआधी त्या दुकानदारांबरोबर इमारतीभोवती एक चक्कर मारा. सामाईक म्हणजे फक्त लिफ्ट आणि गच्ची, ही समजूत दोन्ही बाजूंची आहे. जमीन, पाया, खांब, बीम, मुख्य भिंती, छत, जिने, येण्याजाण्याचे रस्ते, पार्किंग, पाण्याच्या टाक्या, पंप, मोटारी, वीज आणि पाण्याची मुख्य यंत्रणा हे सगळं कायद्यानं सामाईक आहे. दुकानाच्या मोरीतलं पाणी गच्चीवरच्याच टाकीतून येतं. मीटर रूम जळली त्या दिवशी शटरं अंधारात होतीच ना? मीटर महावितरणचे असले, तरी ती खोली, पॅनेल आणि पुढची वायरिंग सर्वांची आहे. हे प्रत्यक्ष दाखवलं, की 'आम्ही का भरायचं' ची धार बरीच कमी होते.

जे खरोखर सहकारी सोसायटीत राहतात त्यांच्यासाठीही सांगते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंप यांपासूनचा विमा आवश्यक म्हटला आहे. त्याची वाटणी प्रत्येकाच्या बांधीव क्षेत्रफळाच्या प्रमाणात होते, दरडोई समान नाही. लिफ्टचा खर्च मात्र त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांत समान, वापरा अथवा न वापरा. सेवा शुल्क वेगळं, दुरुस्ती निधी वेगळा, सिंकिंग फंड वेगळा. हप्ता सिंकिंग फंडातून भरायची सूचना सभेत कुणीतरी करतंच. ती मान्य करू नका, तो पैसा पुनर्बांधणीसारख्या मोठ्या कामासाठी राखलेला असतो.

आता फ्लॅटवाल्यांकडे वळते, कारण तुम्ही स्वतः त्यांच्यातल्या आहात आणि पत्रात त्यांचं म्हणणं तुम्ही फारसं तपासलेलं दिसत नाही. 'धोका हॉटेलचा' हे कितपत खरं? हॉटेलचं स्वयंपाकघर ही जास्त जोखीम आहे, यात शंका नाही. तेलकट धूर वाहून नेणारी डक्ट वेळेवर साफ झाली नाही, तर आग तिच्यातून मजले चढते. पण सोळा घरांतही सोळा शेगड्या आहेत, एसी आहेत, पार्किंगमध्ये एक्स्टेन्शन बोर्डावर चार्ज होणाऱ्या ई-स्कूटर आहेत. आणि तुमच्याकडे आग लागली ती हॉटेलमध्ये नव्हे, मीटर रूममध्ये. तिथला वाढलेला लोड कुणाचा, याचा हिशोब मांडला तर घरांचाही वाटा निघेल.

तरीही जास्त धोका निर्माण करणाऱ्यानं त्यापुरतं जास्त द्यावं, ही अपेक्षा रास्त आहे आणि सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत त्याचा चांगला नमुना आहे. कुणी आपल्या जागेत व्यवसायासाठी विशिष्ट माल साठवतो म्हणून कंपनीनं वाढीव हप्ता मागितला, तर ती वाढ संबंधितांनीच आपापल्या क्षेत्रफळाप्रमाणे वाटून घ्यायची. मूळ हप्ता सगळ्यांचा, वाढ ज्याच्यामुळे झाली त्याची. तुमच्या उपविधींत असं कलम नसेल तर सर्वसाधारण सभेत संबंधित गाळेमालकांच्या लेखी संमतीनं हेच तत्त्व ठरवून घ्या.

वाढ किती ते कसं कळणार? कंपनीकडून दोन कोटेशन मागा. एक इमारत आहे तशी, हॉटेल धरून. दुसरं त्या दोन गाळ्यांत साधं दुकान आहे असं समजून, केवळ तुलनेसाठी. दोन्हींतला फरक म्हणजे हॉटेलची वाढ. समजा पहिला आकडा ६०,००० रुपये आला आणि दुसरा ४८,००० रुपये. मग १२,००० रुपये त्या दोन गाळ्यांचे आणि उरलेले ४८,००० रुपये सर्वांत टक्क्यांप्रमाणे. ज्या गाळ्याचा वाटा ३ टक्के, त्याला वर्षाला १,४४० रुपये, म्हणजे महिना १२० रुपये. हे आकडे फक्त हिशोब दाखवायला घेतलेत, तुमचे वेगळे येतील. पण सभेत असा तक्ता प्रत्येकाच्या हातात दिलात, की भांडण केवढ्या रकमेवरून चाललंय हे सगळ्यांना एकदम दिसतं. आतापर्यंत सगळे एकूण हप्त्याकडे बघून बोलताहेत, स्वतःचा आकडा कुणी पाहिलेलाच नाही.

वाढीचं बिल काकांना देऊ नका, गाळ्यांच्या मालकांना द्या. असोसिएशनचं नातं मालकांशी आहे. लिव्ह अँड लायसन्स करारात ठरलं असेल तसं ते काकांकडून घेतील किंवा स्वतः सोसतील, त्यात तुम्ही पडू नका.

ज्यांचा स्वतःच्या फ्लॅटचा विमा आहे, त्यांना काय सांगायचं? त्यांनी शहाणपणाच केलाय. फक्त त्यांच्या पॉलिसीत नेमकं काय आहे ते त्यांना बघायला लावा. गृहकर्जासोबत बँकेनं काढलेली पॉलिसी असेल, तर ती बरेचदा फक्त बांधकामाची असते. घरातलं सामान त्यात असेलच असं नाही आणि कित्येकदा रक्कम कर्जाएवढीच असते. जिना, लिफ्ट, पंप, कंपाउंडची भिंत यांतलं काही बिघडलं, तर एका फ्लॅटच्या पॉलिसीतून सगळी इमारत उभी राहत नाही. आणि एकाच भिंतीचा विमा दोन ठिकाणी असला तरी नुकसान दोनदा भरून मिळत नाही, कंपन्या आपसांत वाटून घेतात. म्हणून माझं मत असं, की खांब, भिंती, स्लॅब हे सगळं फ्लॅट आणि गाळ्यांसह एकाच सामाईक पॉलिसीत घ्यावं. मग प्रत्येकानं आपल्या पॉलिसीत सामान, फर्निचर आणि नंतर केलेलं इंटिरियर यांवर भर द्यावा. दुकानदारांनी माल, फर्निचर, यंत्रं आणि धंदा बंद राहिल्याचं नुकसान यांचं आपापलं बघावं, दवाखान्यांनी त्यांच्या उपकरणांचं. सामाईक पॉलिसी कपड्यांच्या दुकानातल्या भिजलेल्या मालाचे पैसे देत नाही, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा. नंतर कळलं तर राग तुमच्यावर निघेल.

रक्कम किती धरायची, इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. कर्वे रस्त्यावरचा बाजारभाव विसरा. त्या भावात जमिनीची किंमत आहे आणि जमीन जळत नाही, वाहूनही जात नाही. धरायचा तो आज तशीच इमारत पुन्हा बांधायचा खर्च. आर्किटेक्टकडून किंवा व्हॅल्युअरकडून तो लेखी घ्या. समजा बांधीव क्षेत्र २४,००० चौरस फूट आणि खर्च २,५०० रुपये फूट धरला, तर ६ कोटी होतात. दरही पुन्हा उदाहरणापुरताच. हप्ता कमी यावा म्हणून तुम्ही २ कोटी ४० लाखांचाच विमा काढलात, तर तो ४० टक्केच झाला. उद्या ५० लाखांचं नुकसान झालं, तर 'विमा तर २ कोटी ४० लाखांचा आहे, मग ५० लाख मिळतीलच' असं लोक समजतात. प्रत्यक्षात सरासरीच्या कलमानं त्याच प्रमाणात, म्हणजे साधारण २० लाख हातात येतात.

२०२१ च्या एप्रिलपासून आपल्याकडे तीन प्रमाणित पॉलिसी आहेत, त्यांची नावं सभेत निघतील म्हणून सांगते. घरांसाठी भारत गृह रक्षा. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल अशा व्यवसायांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. ५ कोटींच्या वर ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. गृह रक्षामध्ये कमी विम्याबद्दल कपात होत नाही. बाकीच्या दोन्हींत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढे कपात. तुमच्यासारख्या मिश्र इमारतीला यांतली कोणती लागू करणार, की घरांचा आणि दुकानांचा भाग वेगळा लिहिणार, हे कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. पॉलिसी 'रीइन्स्टेटमेंट' पद्धतीची, म्हणजे नव्यानं बांधायच्या खर्चावर आधारलेली आहे ना, तेही बघा. बाजारमूल्याच्या पद्धतीत इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा कापला जातो आणि जुन्या इमारतीला तो चांगलाच झोंबतो.

कोणत्या गोष्टी यात येत नाहीत, तेही सभेत स्पष्ट सांगा. जुनाट गळती, ओल, गंजलेली सळई, निघालेलं प्लॅस्टर ही देखभालीची कामं आहेत, विम्याची नाहीत. आगीच्या पॉलिसीत शॉर्टसर्किटनं जे यंत्र किंवा पॅनेल स्वतः जळतं, त्याचं नुकसान सहसा वगळलेलं असतं. तिथून पसरलेल्या आगीनं इतर जे जळतं ते धरलं जातं. म्हणजे तुमच्या पॅनेलचे पैसे विमा असता तरी कदाचित आले नसते, जिन्याच्या रंगाचे आणि वायरिंगचे आले असते. लिफ्ट, पंप, जनरेटर यांच्या अंतर्गत बिघाडासाठी मशिनरी ब्रेकडाउनचा वेगळा विमा असतो. लिफ्टची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, चांगली असेल, तर तो घ्यायचा की नाही हे खर्च पाहून ठरवा.

पुराचं कलम मात्र काळजीपूर्वक वाचा. पुण्यात 'आमच्याकडे कुठलं पाणी येतंय' असं म्हणायची सोय राहिलेली नाही. पानशेतचा पूर १९६१ चा, तो जुना झाला. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं सहकारनगर, अरण्येश्वर भागात सोसायट्यांच्या भिंती पाडल्या आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. वादळ, पूर, पाणी साचणं हे तुमच्या पॉलिसीत आहे, वगळलेलं नाही, याची खात्री करा. कंपाउंडची भिंत, गेट, जमिनीखालची टाकी, पंपाची खोली, सोलर पॅनेल असतील तर ते, ही नावं मालमत्तेच्या वर्णनात एकेक करून लिहून घ्या. पार्किंगमधल्या गाड्या यात येत नाहीत. त्यांचा पुराचा विमा ज्याच्या त्याच्या गाडीच्या पॉलिसीतून आणि तिथेही नुसती थर्ड पार्टी असेल तर काही मिळत नाही.

तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तुमच्या इमारतीत दिवसभर बाहेरची माणसं येतात. दवाखान्यातले पेशंट, क्लासची मुलं, हॉटेलची गिऱ्हाईकं. जिन्यात कुणी घसरून पडलं, लिफ्टमध्ये अपघात झाला, गच्चीवरून काही खाली पडलं, तर भरपाईचा दावा असोसिएशनवर येऊ शकतो आणि आगीची पॉलिसी त्यात काही करू शकत नाही. २९ जून २०१९ ला कोंढव्यात एका इमारतीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. भिंत आपल्या आवारातली असली, तरी तिचं पडणं दुसऱ्याच्या अंगावर होतं. यासाठी पब्लिक लायबिलिटीचा वेगळा विमा घ्यायचा. लिफ्टसाठी तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या लिफ्ट कायद्यात थर्ड पार्टी विम्याची तरतूद आहे, तुमच्या लिफ्टचा तो आहे का ते आजच बघा. वॉचमन आणि सफाईवाल्या मावशी थेट तुमच्या पगारावर असतील, तर त्यांच्या कामावरच्या अपघाताचाही विमा हवा. निव्वळ राहत्या इमारतीत लोक हे टाळतात. तुमच्याकडे टाळू नका, आणि हा खर्च दुकानांमुळेच आहे असंही म्हणू नका. दवाखाना खाली आहे याचा आधार तुमच्या ज्येष्ठांनाही असेलच.

पूर्ण व्यापारी संकुलातल्या वाचकांनाही हेच लागू आहे. तिथे जोडीला एक प्रश्न आधी सोडवून ठेवायचा असतो. सामाईक जिना महिनाभर बंद राहिला, तर वरच्या ऑफिसांचं जे उत्पन्न बुडेल, ते सामाईक पॉलिसीत धरलेलं नसतं. ते ज्यानं त्यानं आपल्या पॉलिसीत मागून घ्यायचं.

काकांबद्दल आता. ताई, तुम्ही त्यांच्या डब्यांचं ऋण आणि त्यांच्या गॅसची जोखीम या दोन गोष्टी मनात एकत्र केल्या आहेत, म्हणून बोलायला अवघड जातंय. त्यांना दोषी म्हणून भेटू नका, त्यांच्या भल्याचं सांगायला भेटा, कारण ते खरंच त्यांच्या भल्याचं आहे. इमारतीला आग लागली आणि कंपनीनं असोसिएशनला पैसे दिले, तर आग ज्याच्या निष्काळजीपणानं लागली त्याच्याकडून ते वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे जातो. म्हणजे उद्या तुम्ही सगळ्यांनी काकांना माफ केलं, तरी कंपनी त्यांच्या दारात उभी राहू शकते. त्यांनी स्वतःच्या जबाबदारीचा विमा काढला असेल, तर ते वाचतील. शिवाय मालकांसह गाळेधारकांविरुद्ध हा वसुलीचा हक्क कंपनीनं सोडावा, असं कलम पॉलिसीत मिळतं का, ते कंपनीला विचारा. हे मागणं तुम्ही त्यांच्या वतीनं करताय, हे त्यांना कळू द्या. डक्टच्या सफाईची तारीख, गॅस जोडणीची तपासणी, अग्निशमन सिलिंडरची मुदत यांचे कागद त्यांच्याकडून मागून घ्या. तसेच कागद तुम्हालाही ठेवायचे आहेत. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. दावा आला की सर्व्हेअर अशीच कागदपत्रं मागतो.

सभेआधी डिक्लरेशन आणि उपविधी वाचून टक्क्यांचा तक्ता, बांधकाम खर्चाचा लेखी अंदाज, आणि दोन किंवा तीन कंपन्यांची कोटेशन एवढं हातात ठेवा. एजंट कंपनीचा असतो, ब्रोकर तुमच्या बाजूनं काम करतो, त्यामुळे मिश्र इमारतीसाठी परवानाधारक ब्रोकर बरा. ठरावात तीन गोष्टी नक्की लिहा. मूळ हप्ता टक्क्यांप्रमाणे, वाढ संबंधित गाळेमालकांकडून. वजावटीची रक्कम, म्हणजे प्रत्येक दाव्यातली जी पहिली रक्कम कंपनी देत नाही, ती कुणाकडून. आणि दाव्याचे पैसे असोसिएशनच्या वेगळ्या खात्यात येऊन फक्त दुरुस्तीलाच जातील. हे तिसरं आत्ताच का, तर अपार्टमेंट कायद्यात मोठ्या नुकसानीनंतर असोसिएशननं ६० दिवसांच्या आत दुरुस्ती किंवा पुनर्बांधणीचा निर्णय घेतला नाही, तर मालमत्ता सर्वांच्या सामाईक मालकीची मानली जाते आणि कुणीही वाटपाचा दावा लावू शकतो. घर गेलेल्या माणसांना तेवढ्या दिवसांत एकत्र बसून शांतपणे ठरवता येईल, असं गृहीत धरू नका.

एखादा दुकानदार तरीही अडून बसला, तर त्याच्यासाठी पॉलिसी थांबवू नका. हप्ता कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, त्यामुळे असोसिएशनच्या खात्यातून पूर्ण रक्कम भरा आणि त्याचा वाटा इतर थकबाकीसारखा त्याच्या नावावर दाखवा. पुढे एखाद्या फ्लॅटधारकाची त्याच्या घराच्या पॉलिसीबद्दल तक्रार कंपनीनं ऐकली नाही, तर विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे, तिथे वकील लागत नाही.

पॉलिसी हातात आली की पत्ता, गाळ्यांचा वापर, मालमत्तेचं वर्णन आणि रक्कम चौघांनी मिळून वाचा आणि चूक असेल तर लगेच लेखी दुरुस्त करून घ्या. एखाद्या गाळ्यातला धंदा बदलला किंवा गाळा रिकामा पडला, तरी कंपनीला पत्र द्यायचं. नूतनीकरणाची तारीख तुमच्याबरोबर खजिनदारांच्याही फोनमध्ये ठेवा आणि पुढच्या वर्षी सेक्रेटरी बदलल्या, तर किल्ल्यांबरोबर ही फाइलही त्यांच्या हातात द्या.